पाडवा ते पाडवा नवीन खरेदी बंद आणि माळा रिकामा: आमच्या घरचा ठराव पटतोय का?

मंगळवारपेठेतली_थोरली

घर कोल्हापुरातल्या पेठेतलं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि मुलं असे सगळे एकत्र राहतो. येत्या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत कपडे, भांडी, फर्निचर आणि विजेवरची उपकरणं नवीन आणायची नाहीत, असा ठराव मी घरात मांडलाय. किराणा, औषधं, शाळेचं सामान आणि पायताण यांना सूट. काही मोडलं तर आधी दुरुस्ती. दुरुस्त होत नसेल तर सगळ्यांनी बसून बोलायचं आणि मगच नवीन. ठरावाचा दुसरा भाग असा, की माळा, दोन्ही दिवाण आणि जिन्याखालची खोली नवरात्राच्या आत रिकामी करायची.

हे डोक्यात आलं ते घट बसायच्या आधीच्या साफसफाईत. तेव्हा सगळं घर बाहेर निघतं. वाकळा, चादरी पंचगंगेवर धुवायला जातात, भांडी अंगणात येतात. सासूबाईंच्या उमेदीत हे दोन दिवसांत उरकायचं. आता आठवडा पुरत नाही आणि शेवटी निम्मं सामान न सोडताच परत वर चढतं. दिवाणात ब्लाउजपीसचा गठ्ठा आहे. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलीय, कुणाकडून आला त्याची, म्हणजे चुकून त्याच घरी परत जायला नको. त्यातला एकही कुणी शिवणार नाही. शिवायचा म्हणून कुणी दिलेलाही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे दोन्ही एकत्र केलं तरच अर्थ आहे. नुसता माळा रिकामा केला तर वर्षात भरतो, कारण जागा दिसली की घ्यायला जोर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या गल्लीत घरोघरी चालू टीव्ही खाली उतरले. ते आता कुणाच्या जिन्याखाली आहेत, कुणाच्या माळ्यावर.

घरात मत फुटलंय. सासूबाईंचा खरेदी बंद करायला पूर्ण पाठिंबा, पण माळ्याला हात लावायचा नाही म्हणतात. जाऊबाईंचं बरोबर उलट. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा.

महाद्वाररोड_कापडवाला

ताई, राग मानू नका, पण हा ठराव मला अजिबात पटलेला नाही. आमचं दुकान आजोबांपासून आहे. पाडवा, लग्नसराई आणि दिवाळी यांवर वर्ष निघतं. दुकानात कामाला असलेल्या मुलींचे पगार त्यातूनच होतात. माझ्याकडचं बरंच कापड इचलकरंजीच्या मागांवरून येतं. तुमच्यासारखी शंभर घरं वर्षभर थांबली तर पहिला फटका त्या माग चालवणाऱ्याला बसतो. शाहू महाराजांनी १९०६ साली इथं कापड गिरणीचा पाया घातला तो इथल्या हातांना काम मिळावं म्हणून. त्या गावात कापड न घेण्याची शपथ घ्यायची?

आणि खरं सांगू का, घर भरलंय ते आमच्या दुकानामुळं नाही. दुकानात यायचं तर घरातून निघावं लागतं, गाडी लावायला जागा शोधावी लागते, चार साड्या उलगडून बघाव्या लागतात. रात्री अंथरुणात पडून बोटानं मागवलेली खोकी बंद करा. तेवढं एक केलंत तरी माळा भरायचा थांबेल.

मंगळवारपेठेतली_थोरली

दादा, खोक्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण सवलत फक्त दुकानाला आणि बंदी फक्त मोबाईलला, असं केलं तर ठराव दोन महिने टिकणार नाही. "दुकानातून आणलं, चालतं की" म्हणत सगळे सुटतील. मला वर्षभराचा खंड हवाय, म्हणजे नक्की काय लागतं ते तरी कळेल. वर्षानंतर घ्यायचीच झाली तर एक चांगली साडी घेऊ आणि तुमच्यासारख्याकडूनच घेऊ.

महाद्वाररोड_कापडवाला

वर्षानंतर दुकान असलं पाहिजे की ताई. भाडं वर्षभर थांबत नाही.

शिवाजीपेठेतली_आक्का

मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं बोलणार आहे, कारण त्या इथं लिहायला येणार नाहीत.

तुम्ही ज्याला अडगळ म्हणताय ती कुणाची आहे हे आधी बघा. आमच्या पिढीत घर सासऱ्यांच्या नावावर, सातबारा सासऱ्यांच्या नावावर, पुढं नवऱ्याच्या, मग मुलांच्या. बाईचं नाव कोरलेलं असायचं ते फक्त भांड्यावर. माझ्या रुखवतातल्या पितळी डब्यावर माझं माहेरचं नाव आहे, खाली १९७१ साल घातलंय. माझं ते नाव त्या घरात दुसरं कुठंही लिहिलेलं नाही. नंतर मुलांनी स्टीलचं आणलं, मग प्लास्टिकचं, मग काचेचं, आणि माझा डबा वर गेला. डबा खराब झाला म्हणून वर गेला नाही, तुमच्या नवीन वस्तूंना फळीवर जागा पाहिजे होती म्हणून गेला. आणि आता माळा रिकामा करायचा म्हणजे पहिलं काय निघणार? पितळ आणि तांबं, कारण त्याला मोडीत भाव येतो. प्लास्टिकच्या डब्यांना कोण विचारतंय!

सासूबाई नवीन आणू नका म्हणतात आणि जुनं काढू नका म्हणतात. यात मला कुठंच विसंगती दिसत नाही.

पुण्यातला_कोल्हापूरकर

आक्का, तुमच्याबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. आई-वडील गेल्यावर आमचं ताराबाई पार्कातलं घर आम्हा भावंडांना आवरावं लागलं. माझा पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, बहीण बेंगळुरूला. घंगाळं, बंब, पाट, चांदीचं कुठलं, जर्मन सिल्व्हरचं कुठलं, कशाचाच पत्ता नाही. कुठल्या भांड्यावरचं नाव कुणाचं हे सांगणारं माणूसच उरलं नव्हतं. रजा संपत आली तसा भंगारवाला बोलावला आणि त्यानं वजनावर नेलं. आई असताना आम्ही तिच्यासोबत बसलो असतो तर तिनं स्वतः सांगितलं असतं, हे अमक्या भाचीला दे, हे ठेव, हे मोडीत घाल. "हात लावायचा नाही" या वाक्यानं वस्तू जपल्या जात नाहीत. निर्णय फक्त पुढं जातो आणि तो ज्याला काही माहीत नाही त्याच्या गळ्यात पडतो.

म्हणून माझं मत, माळा आत्ताच काढा. पण सासूबाईंना खुर्चीवर बसवून, त्यांच्या शब्दानं.

शिवाजीपेठेतली_आक्का

त्यांच्या शब्दानं होणार असेल तर माझी हरकत नाही. ठरावात तसं लिहा मात्र. तोंडी नको.

पूर_बघितलेला

आम्ही व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावर राहतो. २०१९ च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा गेलं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे.

२०१९ ला पाणी उतरल्यावर घरात शिरलो तेव्हाचं सांगतो. प्लायवूडचं कपाट फुगून दारं चिकटली होती, पहारीनं उघडावी लागली. भुश्याच्या फळीचं टीव्ही-युनिट हाताला लागेल तिथं ओल्या पावासारखं सुटत होतं. गाद्यांना दोन-दोन माणसं लागली उचलायला. सगळं रस्त्यावर. गल्लीत दोन्ही बाजूंना तेच ढीग होते. आणि आजीची पितळेची परात, कळशी, तांब्याचा हंडा? चिखल धुतला, चिंच-मीठ लावून घासलं, झालं. आजही वापरात आहेत.

त्यामुळं मी ठरावाच्या पूर्ण बाजूनं, पण क्रम बदला. आधी फळीचं फर्निचर घेणं कायमचं बंद करा, वर्षापुरतं नव्हे. २०२१ ला आम्ही सामान वेळेत वरच्या मजल्यावर नेलं ते केवळ कमी होतं म्हणून. मंगळवार पेठेत पाणी येत नाही म्हणून तुम्हाला हा विचार करावा लागत नाही, आम्हाला दर जुलैत करावा लागतो.

लाईनबाजार

सगळे "काढा काढा" म्हणताय, काढलेलं जातं कुठं यावर एकानंही लिहिलं नाही. आमच्या बाजूला येतं. झूम प्रकल्पातला शहराच्या कचऱ्याचा डोंगर आम्ही रोज बघतो, ढीग धुमसायला लागला की खिडक्या लावून बसतो. शहरभर घरं स्वच्छ होतात आणि कसबा बावड्यात आमच्या नाकात धूर जातो. खरेदी थांबवा याला माझा मनापासून पाठिंबा. पण माळे रिकामे करण्याच्या मोहिमेला विरोध, जोपर्यंत प्रत्येक वस्तू कुणाकडं जाणार हे आधी ठरलेलं नाही. नाहीतर तुमचा माळा फक्त आमच्या वॉर्डात येतो.

आणि "गरिबाला देऊन टाकू" हेही सोपं समजू नका. २०१९ च्या पुरात मदतीच्या सामानाची वर्गवारी करायला मी होतो. फाटके शर्ट, इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या, एकच पायताण. दोन दिवस अंगावरच्या ओल्या कपड्यांत काढलेल्या बाईच्या हातात ते देताना मान वर होत नव्हती. सीपीआर चौकात गरजूंसाठी कपडे ठेवायची माणुसकीची भिंत लागते तिथंही द्या जरूर, पण धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून. आपण स्वतः घालू शकतो तेवढंच.

मंगळवारपेठेतली_थोरली

हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, आता पहिला लिहिते. सुती साड्या आणि धोतरं घरातच वाकळांना लागतील. शिवून देणाऱ्या मावशी अजून आहेत आणि त्यांना चार पैसेही मिळतील. पुस्तकं करवीर नगर वाचन मंदिरात विचारून, त्यांना हवी तेवढीच. तिथं जाऊन पोती टाकणार नाही. बंद टीव्ही आणि चार्जर भंगारात नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडं. फळीचं तुटलेलं फर्निचर कुणीच घेत नाही, त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

धाकटी_जाऊ_म्हणा

मी या घरातली नाही, पण प्रत्येक घरात मी असते. माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं करणार कोण? धुणार, इस्त्री करणार, बटणं लावणार, वाकळेला साड्या फाडणार, भंगारवाल्याशी घासाघीस करणार, कोण? ठराव सगळ्या घराचा आणि रविवार फक्त बायकांचा, असंच होतं. मिक्सर बिघडला की "दुरुस्त करून आणू" म्हणणारा पंधरा दिवस आणत नाही आणि तेवढे दिवस खोबरं-लसूण पाट्यावर कोण वाटतं हेही बघा. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला नवीन मिक्सर ही चैन नाही. माळा काढायच्या मी बाजूनं आहे, कारण त्यावरची धूळ मीच झाडते. खरेदी बंदीच्या बाजूनं नाही, कारण तिची किंमतही मीच मोजणार.

घरातल्या पुरुषांच्या वस्तूंपासून सुरू करा की. जुन्या बुलेटचे सुटे भाग, बंद इन्व्हर्टर, तीन पिढ्यांचे बिनकामाचे कागद. त्याला कुणी अडगळ म्हणत नाही.

उद्यमनगर_वाइंडिंग

मिक्सरवरनं विषय निघालाच आहे म्हणून सांगतो भावांनो. जुना मिक्सर आणा, मोटार जळली असली तरी वाइंडिंग करून देतो, लई वर्षं चालतो. आता येणाऱ्या बऱ्याच मालात खोलायलाच जागा नसते, सगळं प्लास्टिकात बंद, पार्ट मिळत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच टाळाटाळ करायलोय. त्यामुळं "आधी दुरुस्ती" हा नियम चांगला हाय, पण तो वस्तू घेताना सुरू होतो. घ्यायच्या आधी एकदा दुरुस्तीवाल्याला विचारा, हे खोलता येतंय काय.

आणि वहिनींचं खरं हाय. वस्तू घेऊन येतात पुरुष, पण लवकर द्या म्हणून फोन येतो तो बाईचाच.

मंगळवारपेठेतली_थोरली

काल रात्री हे सगळं घरात वाचून दाखवलं. ठराव बदललाय. सासूबाईंच्या वस्तूंवर शेवटचा शब्द त्यांचा, हे लिहून घेतलं. त्यांनी तिथंच अट घातली की पितळी डबे खाली येणार आणि प्लास्टिकचे जाणार, डाळी-तांदूळ डब्यांत. सुरुवात जिन्याखालच्या खोलीपासून, म्हणजे दीर आणि आमचे हे यांच्या सामानापासून, आणि ते काम त्या दोघांनीच करायचं. स्वयंपाकघरातलं रोजचं उपकरण बिघडलं तर तीन दिवसांची मुदत, तेवढ्यात दुरुस्त झालं नाही तर नवीन, बैठक नाही. फळीचं फर्निचर कायमचं बंद. मोबाईलवरची खरेदी वर्षभर पूर्ण बंद, यावर कुणीच वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. वैशाखात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. मामांचा आहेर. ठरावाप्रमाणं साडी घ्यायची नाही. मी म्हणते पाकिटात रोख द्यावेत, तिला लागेल ते ती घेईल. आमचे हे म्हणतात, भाचीला मामानं साडी नेसवली नाही असं कधी झालेलं नाही.

शिवाजीपेठेतली_आक्का

साडी द्यायचीच. ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी बंद करा, त्याला कुणी विचारत नाही. मामाची साडी वेगळी.

पुण्यातला_कोल्हापूरकर

मग ठराव कसला आक्का? पहिल्याच लग्नात सूट दिली की दिवाळीत दहा निघतील. हल्ली पत्रिकेतच "आहेर स्वीकारला जाणार नाही" छापतात, नणंदेशी आधी बोलून घ्या. तिलाही सुटका वाटेल.

धाकटी_जाऊ_म्हणा

मुलीलाच विचारा. लग्न तिचं आहे.

महाद्वाररोड_कापडवाला

विचारा जरूर. आणि ती साडी म्हणाली तर एकच घ्या, हातमागाची घ्या, ती वीस वर्षांनीही माळ्यावर जाणार नाही. माझ्याकडूनच घ्या असं म्हणत नाही, पण गावातून घ्या. रोख पाकिटाचा मोबाईलवरून ड्रेस यायचा आणि खोकं परत तुमच्याच जिन्याखाली.

पुण्यातला_कोल्हापूरकर

तो तिचा प्रश्न, दादा. पाकीट दिल्यावर हिशेब मागायचा नसतो.