सणाचे जेवण, मोजकीच पाने : आपापले अनुभव लिहावेत

सणाचे जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही लांबलचक पंगत येते. प्रत्यक्षात मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या बहुतेक घरांत आता सहा ते दहा पानांचेच जेवण होते. मुले पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेलेली असतात, भाऊबंद वेगळे राहतात आणि पाने मांडायला दिवाणखान्याएवढीच जागा असते. पन्नास पानांचे गणित आचाऱ्याला पाठ असते, पण सहा पानांचे घरच्या माणसालाच सोडवावे लागते. त्यातली खरी अडचण पदार्थांची नाही, असे माझे मत आहे. पाहुणे जेवत असतात तेव्हा घरातले एक माणूस, बहुतेक वेळा बाई, शेगडीपाशी उभेच असते, ही ती अडचण आहे. म्हणून विनंती अशी की, पाककृती लिहू नयेत. सण कोणता होता, पाने किती होती, आधी काय करून ठेवले होते, काय बिघडले आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती शेवटी केव्हा आणि कोणाबरोबर जेवली, एवढे मात्र अवश्य लिहावे. सुरुवात मीच करते.

वडगाव, बेळगाव

लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावई, विहीणबाई, व्याही आणि आम्ही घरचे मिळून सात पाने होती. पुरणपोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, अशी आमच्या सासूबाईंची शिस्त असल्यामुळे अर्धा किलो डाळीच्या वीसेक पोळ्या मी पाहुणे बसल्यावर लाटायला घेतल्या. पहिली पोळी सुरेख झाली, दुसरी फुटली, आणि पुरण तव्याला लागून धूर झाला तेव्हा विहीणबाई ताटावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही कधी बसणार?" असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. मी जेवले तेव्हा साडेतीन वाजले होते, कटाच्या आमटीवर तूप गोठले होते आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला होता ते पाहुणे माडीवर झोपले होते.

पुढच्या वर्षी मी पोळ्या सकाळी नऊ वाजताच करून सुती पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. पुरणपोळी ही काही पुरी नव्हे. चार तासांनी ती उलट मऊ होते आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागते, हे घरात प्रत्येकाला ठाऊक असते, पण सणाच्या दिवशी कोणी बोलून दाखवत नाही. तव्यावर तूप सोडून पोळ्या परतण्याचे काम यजमानांकडे दिले. कुरडया आणि भजी पाने मांडण्याआधीच तळून घेतली. सासूबाईंनी पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात याचा अर्थ पसंती असाच होतो.

कॅम्प, बेळगाव

आमच्याकडे नाताळच्या रात्री नऊ माणसे होती. त्यांतली चार गोव्याहून आलेली होती. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन भरले की शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळणे कठीण होते, त्यामुळे धाकट्या भावाचे कुटुंब आमच्याकडेच गाद्या घालून झोपले आणि जेवणाच्या आधीचे दोन दिवसही घर भरलेलेच राहिले.

सोरपोतेल मी 22 तारखेलाच करून ठेवले होते. व्हिनेगरमध्ये मुरलेले ते मांस ताजे खाण्यात अर्थ नाही. रोज एक उकळी दिली की तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते. मोजक्या माणसांच्या जेवणासाठी याहून सोयीचा पदार्थ मला माहीत नाही, कारण ऐनवेळी ते फक्त गरम करायचे असते. घात केला तो सान्नांनी, म्हणजे तांदळाचे पीठ फुगवून उकडलेल्या इडलीसारख्या पदार्थाने. माझी आई मडगावला सान्नांचे पीठ रात्री झाकून ठेवी आणि सकाळी ते भांड्याबाहेर आलेले असे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरातल्या रात्री चांगल्याच गार असतात, हे लक्षात न घेता मी गोव्याच्याच अंदाजाने पीठ भिजवले. यीस्ट घालूनही ते सकाळी जसेच्या तसे बसून होते. कोमट पाण्याच्या परातीत भांडे ठेवून दुपारपर्यंत वाट पाहिली, तरी उकडलेल्या सान्ना पेढ्यासारख्या घट्ट झाल्या. शेवटी भाऊ बेकरीत जाऊन दोन डझन पाव घेऊन आला आणि सगळ्यांनी सोरपोतेल पावाबरोबर खाल्ले. नेवऱ्या आणि दोदोल वहिनीने करून आणले असल्यामुळे गोडाची चिंता नव्हती. मी सगळ्यांबरोबरच बसले, पण खरे सांगायचे तर सान्ना बिघडल्या म्हणूनच बसता आले. त्या फुलल्या असत्या तर मी रात्रभर घाण्यावर घाणे उकडत उभी राहिले असते. आता मी पीठ आदल्या दिवशी दुपारीच भिजवते आणि भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवते.

निपाणी

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, वडिलांचे तंबाखूच्या व्यापारातले जुने स्नेही सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येतात. त्यांची पाच आणि आमची चार माणसे असतात. ते शाकाहारी आहेत. अम्मीने त्यांच्यासाठी एक पातेले, एक झारा आणि एक कढई वेगळी ठेवली आहे. वर्षभर ही भांडी माळ्यावर कापडात बांधलेली असतात आणि त्यांत कधीही मटण शिजत नाही. हे पाहुण्यांना तिने कधी सांगितले नव्हते. एकदा त्यांच्या नातवाने माळ्यावरचे गाठोडे पाहून विचारले, तेव्हा ते सगळ्यांना कळले.

त्या दिवशी भाज्यांची बिर्याणी आणि दुधी भोपळा घातलेला दालचा असतो. शीरखुर्म्याबाबत एक गोष्ट मी चुकून शिकलो. शेवया दूध पीत राहतात, त्यामुळे सकाळी बरोबर झालेला शीरखुर्मा दुपारी चमच्याने कापावा लागतो; म्हणून लिटरभर दूध बाजूला तापवून ठेवावे आणि वाढण्याच्या दहा मिनिटे आधी मिसळावे. वर विचारलेल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे दस्तरखानातच, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावरच आहे. मोठी ताटे मध्ये ठेवलेली असतात आणि ज्याने त्याने हाताने घ्यायचे असते, त्यामुळे वाढणारे असे कोणी नसतेच. स्नेह्यांच्या पत्नी पहिल्या वर्षी मात्र कोणीतरी वाढील म्हणून पाच मिनिटे रिकामे ताट घेऊन बसल्या होत्या.

संकेश्वर

वरचे अनुभव वाचून मला थोडे वेगळे मत मांडावेसे वाटते. माझे वय 74 आहे आणि मला उभे राहून वाढणेच आवडते. दसऱ्याच्या रात्री मुलगा, सून, दोन नातवंडे आणि शेजारचे दोघे अशी सहा पाने असतात. ज्वारीची भाकरी तव्यावर फुगली की ती ताटात पडेपर्यंत तिच्यातली वाफ टिकली पाहिजे. तिच्याबरोबर भरली वांगी, लोण्याचा गोळा आणि आमच्याकडच्या लाल मिरचीचा रंजका असला की दुसरे काही लागत नाही. कापडात गुंडाळलेली भाकरी खायला घालण्यापेक्षा मी उशिरा जेवलेली बरी. सुनेला हे पटत नाही आणि तिने तिच्या पद्धतीने करावे, पण उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईची कीव करण्याचे कारण नाही, एवढेच म्हणायचे आहे.

हिंडलगा

माझा अनुभव चार ओळींचा आहे. पाडव्याला आठ पाने होती आणि मी मांडे घरी करायचे ठरवले होते. उपड्या कढईवर तो पातळ मांडा टाकताना पहिले तीन फाटले आणि चौथा घडी घालण्याआधीच कडक होऊन मोडला. पाचव्याच्या वाटेला न जाता आम्ही शहरातून तयार मांडे आणि कुंदा घेऊन आलो, मांडे दुधात कुस्करून खाल्ले आणि सगळे एकत्र जेवलो. मनातल्या मनात मांडे खाणे किती सोपे असते, हे मला त्या दिवशी समजले.

सदलगा, ता. चिकोडी

आमच्या भागात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, तरी माझ्याकडून जी चूक झाली ती अक्षम्य होती. दिवाळीत बँकेतल्या जैन सहकाऱ्याला सपत्नीक जेवायला बोलावले आणि सवयीने 'रात्री आठ वाजता या' असे सांगून मोकळा झालो. तो संकोचाने हो म्हणाला. माझ्या पत्नीने ते ऐकले आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन वेळ बदलून घेतली. ते दोघे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा पाने पाच वाजता मांडणे भाग होते. कांदा आणि लसूण वर्ज्य आहेत हे आम्हांला ठाऊक होते, पण बटाट्याची भाजी तयार झाल्यावर बटाटाही जमिनीखालचा, हे लक्षात आले. ती भाजी शेजारी गेली आणि वीस मिनिटांत दोडक्याची भाजी झाली.

या गडबडीचा एक अनपेक्षित लाभ झाला. पाचला बसलेले जेवण पावणेसहाला आटोपले, भांडी उजेडातच घासून झाली, आणि आम्ही चौघे अंगणात मुलांनी केलेल्या किल्ल्यापाशी दिवे लावून रात्री दहापर्यंत गप्पा मारत बसलो. आता पाहुणे कोणीही असोत, आम्ही दिवाळीचे जेवण संध्याकाळी पाचलाच ठेवतो.

अनगोळ, बेळगाव

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे उंदरी असते, आणि बाप्पाच्या उंदराच्या नावाने घरोघर मटण शिजते. आम्ही आठजण होतो, पाऊस धो धो कोसळत होता आणि संध्याकाळी सातला वीज गेली. वाटण मिक्सरमध्ये अर्धे झाले होते. आईच्या काळातला पाटा-वरवंटा परसात कुंडीखाली होता. तो धुऊन आत आणला आणि थोरल्या मेव्हण्यांनी कंदिलाच्या उजेडात उरलेले वाटण केले. तांदळाच्या भाकऱ्या कोणी करायच्या यावर वाद झाला, तेव्हा बहिणीने नियम घातला की प्रत्येकाने दोन भाकऱ्या थापून मगच पानावर बसायचे. माझ्या भाकरीचा आकार पाहून भाच्याने तिला कर्नाटकाचा नकाशा म्हटले. सीमाभागात राहून असे बोलावे का, यावर पुढे अर्धा तास गेला आणि रस्सा दोनदा गरम करावा लागला.

शहापूर, बेळगाव

भोगीला मी शेजारच्या कन्नड कुटुंबाला बोलावले होते. त्यांची तीन आणि आमची तीन माणसे होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी आणि येळ्ळूरच्या शिवारातला नवा बासमती असा बेत होता. नवा तांदूळ जुन्याइतके पाणी सोसत नाही, हे मला माहीत असूनही बोलण्याच्या नादात मी नेहमीचेच पाणी घातले आणि भात चिकट झाला; शिवाय पातेले बुडाला लागले. वास मात्र पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता.

पाने बाहेर मांडली होती. पाहुण्या बाई शेंगा होळग्यांचा, म्हणजे शेंगदाण्याच्या गोड पोळ्यांचा, डबा घेऊन आल्या, तो द्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि मी भाकरी थापत असताना त्यांनी सवयीने विचारले, "ऊट आत्री?" जेवण झाले का, हा त्यांच्याकडचा भेटल्यावरचा साधा प्रश्न आहे, त्याला 'झाले' असे म्हणायचे असते. मी हाताला पीठ लागलेले असताना हसून 'नाही' म्हटले. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, बाहेर जाऊन आपले ताट आणले आणि माझ्या शेगडीशेजारी पाट ओढून बसल्या. मग त्यांचा मुलगा आला, मग माझा, आणि शेवटी दोन्ही घरचे कर्ते पुरुषही ताटे हातांत घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा जागा करण्यासाठी पिठाचा डबा आणि कळशी बाहेर न्यावी लागली. मी भाकरी थापत होते, त्या तव्यावरची उलटत होत्या आणि मधूनमधून दोघीही खात होतो. चिकट भाताबद्दल मी दोनदा दिलगिरी व्यक्त केली, पण तोवर दोन्ही मुलांनी पातेल्याच्या बुडाची खरवड कोणाची यावरून भांडण सुरू केले होते.