एक लाख तास झाले, आता पाईप कापायचा की हिशोबावर चालवायचा?

बॉयलरवाला: आमच्या थर्मल वीज प्लांटमधल्या एका युनिटचे 1 लाख तास भरले. नियमाप्रमाणे 400 डिग्रीच्या वर चालणाऱ्या भागांचं उरलेलं आयुष्य तपासायचं म्हणून एजन्सी आली, त्यांनी रेप्लिका (धातूच्या पृष्ठभागाचे ठसे) घेतल्या, अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतली तपासणी) केलं आणि रिपोर्ट दिला की मेन स्टीम लाईनच्या, म्हणजे बॉयलरमधून टर्बाइनला वाफ नेणाऱ्या पाईपच्या, एका वेल्डपाशी 3 मिमीचा क्रॅक आहे पण इतका हळू वाढतोय की पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत चिंता नाही. अहो 540 डिग्री, 170 बारची वाफ, खालून आमची पोरं ये-जा करतात आणि मी कॉम्प्युटरच्या आकड्यावर लाईन चालवू? माझं मत, कापा आणि नवा तुकडा जोडा.

गणितवेडा: साहेब, कापून जोडणं म्हणजे सेफ हे कोणी सांगितलं? तुमचा पाईप पी-91 (उष्णता सोसणारं क्रोमियमचं पोलाद) असेल तर साईटवरचं वेल्डिंग, मग 760 च्या आसपासची हीट ट्रीटमेंट, ती जरा हुकली की जुन्यापेक्षा वाईट जॉइंट गळ्यात. आणि हिशोब हवेतला नसतो. इतक्या गरम धातूत क्रॅकच्या टोकापुढचं मटेरियल रोज थोडं थोडं ताणलं जातं, ते किती वेगाने ताणलं जातंय ते सी-स्टार नावाच्या आकड्यात धरतात आणि त्यावरून क्रॅक तासाला किती सरकेल ते काढतात. हे 1970 च्या दशकापासून चालू आहे, ब्रिटनमध्ये अणुभट्ट्यांसाठीच्या आर-5 नावाच्या पद्धतीतही हेच वापरतात.

जुना वेल्डर: पोरा, आर-5 असो नाहीतर आर-50, टेंपरेचर काय घातलं ते सांग आधी.

गणितवेडा: काका, डिझाइनचं 540 घालतात किंवा प्लांटने दिलेलं. पॉइंट मान्य आहे. लार्सन-मिलरच्या सूत्रात (तापमान आणि वेळ जोडून धातूचं आयुष्य काढतात ते) 540 ला 1 लाख तास आयुष्य धरलं तर 550 ला साधारण 50 हजार उरतात आणि 555 ला 35 हजार. फक्त 15 डिग्री! पण म्हणून हिशोब चुकीचा होत नाही ना, घातलेलं चुकीचं.

जुना वेल्डर: तेच म्हणतोय मी. आणि रेप्लिका म्हणजे वरवर पॉलिश करून घेतलेला ठसा. पी-91 च्या वेल्डशेजारी जो मऊ पट्टा राहतो ना, टाईप फोर म्हणतात, तिथं पोकळ्या आतमध्ये आधी होतात, वर काही दिसत नाही आणि जेव्हा दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

नागपुरी: भाऊ एवढं काय टेन्शन घेता, आधी लीक होईल, शिट्टी वाजेल, मग बंद करा ना बे. लीक आधी, फुटणं नंतर.

गणितवेडा: नाही हो, हे धोक्याचं आहे. अमेरिकेत मोहावे पॉवर स्टेशनला 1985 च्या जूनमध्ये हॉट रिहीट पाईप (पुन्हा तापवलेली वाफ टर्बाइनला नेणारा) लांबीतल्या वेल्डच्या शिवणीवर फाटला, 6 माणसं गेली. आडव्या गोल वेल्डला आधी लीक होण्याची शक्यता धरता येते, लांबीतल्या शिवणीला नाही.

नागपुरी: बरं बरं, हे माहीत नव्हतं. मग मी कापा पार्टीत.

जुना वेल्डर: मी कापा पार्टीत नाही रे. मी म्हणतो दर शटडाऊनला तोच क्रॅक, तोच प्रोब, होईल तर तोच माणूस. वाढला की कळेल. आणि ग्रीडमध्ये सोलर वीज आल्यापासून दुपारी लोड पाडायचा, संध्याकाळी चढवायचा, त्या चढउताराचा मार त्या हिशोबात धरलाय का तेही विचारा.

बॉयलरवाला: विचारलं आज. धरलेला नाही. आणि अजून एक सापडलं, एजन्सीला आपणच तासाची सरासरी दिली होती. माझ्या शिफ्टला 558 पर्यंत गेलेलं मी डोळ्याने पाहिलंय, सरासरीत ते 543 दिसतंय. मिनिटाचा डेटा मागितला तर कंट्रोल रूमवाला म्हणतो 2 वर्षांआधीचा सिस्टीमने उडवलाय.

गणितवेडा: उरलेल्या 2 वर्षांचा पाठवा, मी रात्री बसतो.