मदत हवी आहे: येरळवाडीचे फ्लेमिंगो कमी होतायत

नमस्कार मंडळी, मी खटाव तालुक्यातला. लहानपणी आजोबांसोबत येरळवाडीच्या तलावावर फ्लेमिंगो बघायला जायचो, आता दर हिवाळ्यात थवा लहानच वाटतोय आणि आला तरी फार दिवस टिकत नाही. जीव तुटतो राव. या पक्ष्यांना उथळ पाणी लागतं, चिखलात चोच उलटी घालून बारीक किडे, शेवाळ गाळून खातात, म्हणजे तलाव काठोकाठ भरला तरी अडचण आणि आटला तरी अडचण, ते आपल्या हातात नाही, पण रविवारी पोरं फोटोसाठी पार पाण्यात उतरतात, ड्रोन उडवतात, थवा चरायचं सोडून सारखा उडतो, ते तरी थांबवता येईल ना?

वनखात्याच्या १९२६ नंबरवर कुणी अशी तक्रार केलीय का, लगेच कुणी येतं का? ग्रामपंचायतीकडून बोर्ड लावायचा तर अर्जात काय लिहू? आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते त्यात आम्हाला भाग घ्यायचाय, ईबर्ड या पक्षीनिरीक्षणाच्या वेबसाइटवर नोंदी टाकायला पण शिकायचंय, चार-पाच जण तयार आहोत, दुर्बीण मात्र एकच आहे. मायणीकडचं कुणी असेल तर प्लीज सांगा.