मदत हवी आहे: आप्पांच्या कॅथेटरची पिशवी जांभळी झाली आहे

नमस्कार. घाईत लिहितेय, काही राहिलं तर विचारा.

सासरे, वय ७६, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. घर फोंडा तालुक्यात, कुळागराच्या कडेला. नवरा बोटीवर आहे, जानेवारीत उतरेल. घरी मी, आप्पा आणि आठवीतली मुलगी.

चवथीच्या आधी आप्पांची लघवी तुंबली. प्रोस्टेट वाढलंय, लघवी मागे साचून किडन्यांवर ताण आला होता, क्रिएटिनिन ५.२. नळी (कॅथेटर) घातल्यावर उतरत उतरत २.१ वर आलं. किडन्या आणखी सावरल्या की ऑपरेशन, तोवर कॅथेटर राहणार. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलात (नाव नको) मला पाच मिनिटांत सगळं सांगितलं, त्यातली दोन मिनिटं सांगणारीचा फोन चालू होता. "पिशवी भरली की रिकामी करा, ताप आला तर या." संपलं.

आज सकाळी खाटेखाली बघते तर पिशवी जांभळी! कोकमाच्या आगळाची पिशवी ठेवावी तशी. गंमत म्हणजे वरच्या नळीत लघवी पिवळीच दिसतेय, जरा गडद. ताप नाही, दुखत नाही म्हणतात. शेजारची काकू म्हणाली रक्त असणार. दुसरी म्हणाली बीट खाल्लं असेल. बीट आमच्याकडे येतच नाही.

दुसरी अडचण जास्त जुनी आहे. डॉक्टरांनी दिवसाला दोन लिटर पाणी सांगितलंय आणि आप्पा पीत नाहीत. चहा, दुपारची पेज, बस्स. चार दिवस पोटही साफ नाही. ओरडून झालं, नातीला पुढे करून झालं. परवा मी पिशवी रिकामी करायला वाकले तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "राव गो, हांव करतां" (थांब गं, मी करतो). त्यांना वाकता येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी कमी प्यायलं की पिशवी कमी भरते, म्हणजे सुनेला कमी वेळा वाकावं लागतं.

काय करू?

अबोली:
घाबरू नकोस, पण आजच दाखव. मी वॉर्डात ३१ वर्षं काढली, अशी पिशवी पाच-सहा वेळा पाहिली आहे. पहिल्यांदा मीही दचकले होते.

याला पर्पल युरिन बॅग सिंड्रोम म्हणतात. अन्नातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो, त्यापासून आतड्यातले जंतू इंडोल नावाचं द्रव्य बनवतात, ते यकृतातून रूप बदलून लघवीत उतरतं. नळीत वस्ती केलेले काही जंतू त्याचा निळा आणि तांबडा रंग करतात, तो प्लास्टिकला चढतो. म्हणून वर पिवळं, पिशवी जांभळी. मळ आतड्यात जितका रेंगाळतो तितकं इंडोल जास्त. "चार दिवस पोट साफ नाही" वाचलं तिथेच मी थांबले.

रंगाने काही होत नाही. पण नळी आणि पिशवी बदलावी लागेल, लघवीची तपासणीही करतील. एक लक्षात ठेव, बरेच दिवस नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. तेव्हा त्रास काही नसताना नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिकसाठी हट्ट करू नकोस. उलट ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं किंवा आप्पा अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर रिपोर्टची वाट न बघता १०८. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही, नुसता गोंधळ उडतो.

आणि पिशवी खाटेखाली म्हणजे जमिनीवर? असेल तर आधी उचल. खाटेच्या कडेला हुकाला टांग, मूत्राशयाच्या खालीच राहील आणि जमिनीला टेकणार नाही अशी. नळी मांडीला चिकटपट्टीने लाव, ओढ बसता कामा नये. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी कर, आधी आणि नंतर हात साबणाने, आणि खालचा कॉक भांड्याला लागू देऊ नकोस. त्या एवढ्याशा तोंडातून जंतू वर चढतात. चार-पाच तास काहीच उतरलं नाही तर आधी नळी कुठे मुडपलीय का बघ. मुडपलेली नसेल आणि ओटीपोट ताठलं असेल तर थेट हॉस्पिटल.

आंघोळीच्या वेळी नळीभोवती साबण-पाणी, शरीराकडून बाहेरच्या दिशेला. पुरुषांची पुढची कातडी मागे घेऊन धुतली की परत पुढे आणायचीच. राहून गेली तर सूज येऊन अडकते. हे तुला कोणी सांगितलं नसणार. लाजेने कोणीच सांगत नाही.

जुलाबाचं औषध परस्पर आणू नकोस, मॅग्नेशियमवालं या किडनीला चालणार नाही.

रानवारा:
आमच्याकडे किडनीला करमलांचा (स्टार फ्रूटचा) रस देतात. सकाळी अर्धा पेला, लघवी स्वच्छ होते. करून बघा.

अबोली:
रानवारा, कृपा करून नको! करमल किडनीच्या पेशंटला विषासारखं आहे. त्यातला एक घटक दुबळ्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, तो मेंदूवर जातो. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळ, झटके, माणसं दगावली आहेत. बिंबलंही (करमलाच्याच जातीचं आंबट फळ) नको, त्यात ऑक्झलेट भरपूर, तेही किडनीला बाधतं. शहाळं पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तरच. आपल्याकडे पेशंटला बघायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तेरेखोल:
मी पुरुष, वय ६८, चार महिने नळी घेऊन हिंडलो. तुमच्या आप्पांचं दुखणं मला नेमकं कळतं. माझी पिशवी मुलगी रिकामी करायची आणि मी रात्री जेवणानंतर पाण्याचा तांब्या उशापासून दूर ठेवायचो.

उपाय साधा होता. पायाला बांधायची छोटी पिशवी मिळते, पोटरीला पट्ट्यांनी बसते, लुंगीखाली दिसत नाही. कॉक घोट्यापाशी येतो. खुर्चीत बसून पाय बादलीवर ठेवायचा आणि स्वतःच्या हाताने उघडायचा. वाकायला लागत नाही. रात्री तिलाच खाली मोठी पिशवी जोडायची. ज्या दिवशी कॉक माझ्या हातात आला त्या दिवसापासून मी पाणी प्यायला लागलो. शिकवायला मात्र तुम्ही जाऊ नका. हॉस्पिटलातला ब्रदर (पुरुष नर्स) किंवा तुमचा दीर, भाऊ कोणी असेल तर बघा.

(मूळ प्रश्नकर्ती):
सगळ्यांचे आभार. काल दुपारीच नेलं. नळी आणि पिशवी दोन्ही बदलली, लघवी तपासायला दिली, पोटासाठी पातळ औषध दिलं. सोडियम-पोटॅशियम ठीक आहे, क्रिएटिनिन २.३, म्हणजे थोडं चढलं. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडतंय. पिशवी खरंच जमिनीवर असायची, आता हुकाला आहे.

माझ्या मामेभावाने आप्पांना छोटी पिशवी दाखवली. दोघं आत, दार लावून, मी स्वयंपाकघरात. पहिल्यांदा कॉक उलटा फिरवला आणि लादीवर सांडलं, ते भावानेच पुसलं, मला हाक मारू दिली नाही. संध्याकाळी सोप्यावर तांब्या रिकामा होता. मी काही बोलले नाही, भरून परत ठेवला.

ही पिशवी ५०० मिलीची आहे आणि दुपारीच भरते. कोणी ७५० ची वापरली आहे का? पोटरीला जड होते का?