मदत हवी आहे: पित्तनलिकेचा कॅन्सर, केमोबरोबर इम्युनोथेरपी घ्यावी का?

नमस्कार. माझ्या आत्याला (वय ६४) पित्तनलिकेचा कॅन्सर निघालाय. लिव्हरच्या आतच मोठी गाठ आहे, पोटातल्या लिम्फ नोड्समध्येही पसरलाय. ऑपरेशन होणार नाही असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. कावीळ होती म्हणून ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) पित्तनलिकेत स्टेंट म्हणजे नळी टाकली, बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) उतरतंय.

ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात, जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमो सुरू करू, आणि परवडत असेल तर सोबत ड्युरव्हॅल्युमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध). या 'परवडत असेल तर'ने घरात सगळ्यांची झोप उडालीय. आत्या एकटीच, तिचं सगळं बाबा आणि मीच बघतो. ती राहता फ्लॅट विकायला निघालीय, आम्ही अडवतोय.

टोपाझ-१ या रुग्णांवरच्या औषध-चाचणीबद्दल वाचलं. नुसत्या केमोवर निम्म्या रुग्णांनी ११.५ महिने ओलांडले, ड्युरव्हॅल्युमॅब जोडल्यावर १२.८. एवढ्यासाठी फ्लॅट? पण दोन वर्षांनी नुसत्या केमोवाले साधारण १० टक्के हयात होते आणि दोन्ही घेतलेले २५ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांना फारसा फरक नाही, थोड्यांना भरपूर. ते थोडे कोण, हे आधी कळतं का? पीडी-एल१ टेस्ट (गाठीतल्या एका प्रोटीनची) करावी का? चुलतभाऊ म्हणतो, आधी जीन टेस्ट करा, टार्गेटेड गोळी (गाठीतल्या ठरावीक जीन-बदलावरच काम करणारी) मिळाली तर हे काहीच नको. रिपोर्टला काही आठवडे लागणार. तोवर थांबायचं का?

प्रतिसाद १
ताई, मी डॉक्टर नाही, वडिलांच्या आजारात शिकलेलं सांगतो. थांबू नका. बिलिरुबिन आटोक्यात आलं की केमो सुरू होऊ द्या, टेस्ट बरोबरीने चालू दे. लिव्हरच्या आतल्या गाठीत एफजीएफआर२ आणि आयडीएच१ या जीनमधले बदल सापडायची शक्यता इतर जागांपेक्षा जास्त, म्हणून टेस्ट कराच. पण त्या गोळ्या सहसा पहिली केमो चालेनाशी झाली की देतात. भाऊसाहेबांना हे सांगा.

पीडी-एल१वर पैसे घालवू नका. टोपाझ-१मध्ये पीडी-एल१ कमी असलेल्यांनाही फायदा दिसला होता. एमएसआय (गाठीच्या डीएनएतल्या चुका दुरुस्त होत नाहीत का, हे सांगणारी टेस्ट) मात्र बघाच. ते 'हाय' आलं (क्वचित येतं) तर इम्युनोथेरपीचं पारडं एकदम जड होतं.

खर्चाचा हिशेब तीन महिन्यांचा करू नका. केमोच्या आठ सायकलपर्यंत दर तीन आठवड्यांनी ड्युरव्हॅल्युमॅब, नंतर आजार आटोक्यात असेतोवर ते एकटंच दर चार आठवड्यांनी. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतलं 'मॉडर्न ट्रीटमेंट' हे कलम वाचा, इम्युनोथेरपीला तिथे बहुधा वेगळी मर्यादा असते. कंपनीच्या रुग्ण-सहाय्य योजनेचंही विचारा. फ्लॅटचं त्यानंतर.

आत्यांना र्‍हुमॅटॉइड संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.

धागाकर्ती
खूप आभार, दादा. संधिवात नाही, थायरॉइडची गोळी चालू आहे, तेही सांगते. एमएसआयसाठी पुन्हा बायोप्सी लागेल का?

प्रतिसाद १
शक्यतो नाही. पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पॅथॉलॉजी लॅबकडून मागून घ्या, बऱ्याच जीन पॅनेलमध्ये एमएसआय येतंच. फक्त तुकडा पुरेसा आहे का ते पैसे भरण्याआधी विचारा. सुईने घेतलेला नमुना बऱ्याचदा कमी पडतो.