तिकीट काढून ऑर्केस्ट्रा ऐकणं म्हणजे दिखावा?

सूरसागरकाठची: दांडियाबाजारकरांनी काल लिहिलं की तीन हजारांचं तिकीट काढून मुंबईला सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मोठी रचना, ऐकायला जाणारे बडोदेकर दिखावा करतात, त्यांना त्यातलं काही कळत नाही, आणि संगीत फुकटच असायला पाहिजे. वाचून इतकी चीड आली की सविस्तरच लिहितेय. ऑर्केस्ट्रा म्हणजे तंबोरा-तबला-पेटी नव्हे हो काका, स्टेजवर सत्तर-ऐंशी माणसं बसतात, त्यांच्या तालमी, मानधन, बाहेरून येणाऱ्यांचा प्रवास-मुक्काम, आणि मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरात खुर्च्या ११०० च्या आसपास. करा हिशोब. तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून उभा आहे तो टिकावा असं वाटत असेल तर कोणीतरी तिकीट काढायलाच हवं ना. आणि कळत नाही म्हणजे काय? बीथोवनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो, तिथे ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं पहिल्यांदा वाजतात, अंगावर काटा येतो. त्याला डिग्री लागत नाही.

दांडियाबाजारकर: ताई, सगळेच असं मी म्हटलं नव्हतं. पण ही सयाजीराव महाराजांची नगरी आहे. १८८६ ला उस्ताद मौलाबक्षांची गायनशाळा, दरबारात गायक फैयाज खाँ, भातखंड्यांची १९१६ ची संगीत परिषद इथेच. राज्यानं कलेला पोसलं, गिऱ्हाईक नाही शोधलं.

सूरसागरकाठची: राज्यानं पोसलं म्हणजे रयतेच्या करातूनच ना? पैसे कोणीतरी दिलेच. आणि दरबारात तुमच्या-माझ्या पणजोबांना कोण बसवणार होतं? आज तिकीट काढलं की कोणीही बसू शकतो.

कोठीवाला: फुकटचं नाव काढू नका, डोकं फिरतं. नगरगृहात एका विनामूल्य मैफलीला सासूबाईंना घेऊन गेलो, वय ७८, पुढच्या चार ओळींना पासवाल्यांसाठी दोरी बांधलेली. मैफल संपेपर्यंत त्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि म्हातारी मागे भिंतीला टेकून उभी. स्वयंसेवकाला सांगितलं तर म्हणे, साहेब येतील.

मांडवीचा: +१. आणि जे येतात ते दीपप्रज्वलन, सत्कार, फोटो करून पहिल्या रागाच्या आलापातच उठून जातात.

दांडियाबाजारकर: आयोजन केलंय कधी? मी केलंय. पास दिले नाहीत तर मंडप, लाईट, साउंडचे पैसे देणारा पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. घरी बसून बोलणं सोपं आहे.

कोठीवाला: म्हणजे दोरी बांधणाऱ्यांतले तुम्हीच! मग फुकट संगीताची भाषणं आम्हाला कशाला देता?

दांडियाबाजारकर: तोंड सांभाळून बोला. स्वतःच्या खिशातून तबलजींची बिदागी दिलेली आहे मी, दोनदा.

अकोट्याची: भांडा नंतर. माझा राग तिकिटावर नाहीच, वरच्या पैशांवर आहे. ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के, शिवाय ऑनलाइन बुकिंगची फी. माझ्या बाबांना ऑनलाइन जमत नाही, त्यांच्यासाठी खिडकीवर कोण उभं राहणार, बडोद्याहून मुंबईला जाऊन?

सूरसागरकाठची: हे खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण बाबांसाठी पुढची महाग सीट घेऊच नका. पुढे बसलं की जवळची व्हायोलिनंच जास्त ऐकू येतात आणि मागचे फुंकवाद्यवाले दिसतही नाहीत. बाल्कनीतून सगळा ऑर्केस्ट्रा दिसतो, आवाज मिसळून येतो, पैसेही कमी. फक्त एनसीपीएच्या सभासदांचं बुकिंग आधी उघडतं, म्हणून उघडल्या दिवशीच काढा.

दांडियाबाजारकर: ऐंशी माणसांचं मानधन, एवढं मान्य. दिखावा शब्द मागे घेत नाही, प्रत्येक कॉन्सर्टला फक्त सेल्फीसाठी येणारे मी पाहिलेत.

कोठीवाला: ते तिकीट काढून येतात. दोरीचं उत्तर द्या आधी.