बाबांच्या लिम्फोसाइट ९,२४०, सीएलएलच, म्हणजे रक्ताचा कर्करोगच समजायचं का?

दादरची लेक: बाबा ६८चे, परळला सीबीसी केली, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) १४,००० त्यात लिम्फोसाइट (त्यांचाच एक प्रकार) ६६ टक्के, खाली स्मज सेल्स लिहिलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सांगा ना कोणीतरी.

लॅबवाला काका: ताई, नुसत्या लिम्फोसाइटवर ठरत नाही, त्यात टी पेशीपण येतात, सीएलएल असतो बी पेशींचा. २००८पासून बी लिम्फोसाइटच धरतात, मायक्रोलिटरला ५,००० किंवा जास्त, त्यापण निदान ३ महिने टिकलेल्या, आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशींचा प्रकार ओळखायची तपासणी) एकाच क्लोनच्या, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या दिसायला हव्यात. स्मज सेल म्हणजे स्लाइड ओढताना फुटलेली पेशी, मी ती लिम्फोसाइटमध्येच मोजतो, नाहीतर आकडा कमी येतो.

दादरची लेक: आणि कमी भरल्या तर?

कुर्लेकरीण: आईच्या बी लिम्फोसाइट ३,८०० होत्या, गाठी नाहीत, हिमोग्लोबिन नीट, त्याला एमबीएल (मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस, सीएलएलच्या अलीकडची स्थिती) म्हणतात, औषध नाही, नुसती तपासणी. बाबांची मान, काख डॉक्टरांना नक्की बघायला सांग गं.